पावसाळ्यातही हवा हास्यकट्टा

थळ घाटाच्या माथ्यावरील इगतपुरीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि धुके यांमुळे वयस्क मंडळींचे सकाळचे फिरणे थांबते. फिरण्याबरोबर कट्ट्यावरील गप्पा आणि थट्टामस्करीही थांबते, आणि प्रकृतीच्या दृष्टीने हे दुसरे नुकसान पहिल्याइतकेच गंभीर मानले पाहिजे.

हसण्याला सोबत लागते, हे महाराष्ट्रातच घडलेल्या एका प्रयोगातून दिसले. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी मुंबईतील अंधेरीच्या एका उद्यानात पाच जणांचा हास्यक्लब सुरू केला, तेव्हा सदस्य आळीपाळीने विनोद सांगत. परंतु थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरलेले कोणाच्या ना कोणाच्या जिव्हारी लागू लागले. त्यामुळे विनोद बाजूला ठेवून, ‘हो हो, हा हा हा’ या ठेक्यावर टाळ्या वाजवत, एकमेकांच्या नजरेला नजर देऊन हसण्याची पद्धत रूढ झाली, आणि मुद्दाम आरंभलेले हसू समूहात पाहता पाहता खरे होते, असा अनुभव आला.

या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2011 मधील प्रयोगांत मनमोकळ्या हसण्यानंतर वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली आढळली. एंडॉर्फिन, म्हणजे शरीरात तयार होणारी वेदनाशामक द्रव्ये, हे त्याचे कारण असावे, असे त्यांचे मत आहे. सिडनीतील वृद्धसेवा केंद्रांत विदूषकांच्या साहाय्याने झालेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रहिवाशांचे नैराश्य कमी झाले नाही, मात्र चित्तक्षोभ, म्हणजे अस्वस्थ येरझारा, आरडाओरडा यांसारखी लक्षणे, घटला. म्हणून हास्य हे औषधांना पर्याय नव्हे. हर्निया असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर जोरात हसण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत.

धम्मगिरी या विपश्यना केंद्रामुळे जगभरचे साधक मौनासाठी ज्या गावी येतात, तेथील ज्येष्ठांच्या वाट्याला मात्र एकटेपणाचे, न मागितलेले मौन येऊ नये. नगरपरिषदेने पावसाळ्याचे चार महिने एखादे समाजमंदिर किंवा शाळेचा रिकामा वर्ग सकाळी तासभर उघडा ठेवला, आणि घरच्यांनी आजी-आजोबांना तेथवर हात धरून पोहोचवले, तर त्यासाठी फारसा खर्च येणार नाही. रक्तदाब तपासण्याच्या शिबिराइतकेच हे कामही आरोग्यसेवेचे आहे, आणि ते येत्या पावसाळ्याआधी हाती घेतले पाहिजे.