वाचतां येतें, पण कळतें काय?

मुलास अक्षरें लावून वाचतां येऊं लागलें म्हणजे शाळेचें काम झालें, अशी समजूत आपल्या लोकांत रूढ आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत धडा मोठ्यानें वाचून घ्यावा, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहावे आणि उत्तरें गाइडांतून उतरवून घ्यावीं, यासच भाषेचें शिक्षण म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें हें वाचन नव्हे. केवळ उच्चारण होय.

एका वाक्याच्या अर्थावर किती अवलंबून असतें, हें वाशीच्या शेतकऱ्यांस व व्यापाऱ्यांस सांगावयास नको. २०२० च्या खरिपांत अतिवृष्टीनें जिल्ह्यांतील सोयाबीन बुडालें. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आंत दिली नाहीं, या सबबीवर असंख्य शेतकऱ्यांस विम्याची भरपाई नाकारण्यांत आली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेलें, तेव्हां २०२२ सालीं सुमारें साडेतीन लाख शेतकऱ्यांच्या बाजूनें निकाल झाला. येथें दोष शेतकऱ्यांचा होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु करारांतील एक ओळ घरादाराचें वर्ष बुडवूं शकते, तर त्या ओळीस प्रश्न विचारण्याची संवय मुलांस केव्हां लावावयाची?

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. सरकारी कारभाराची भाषा उर्दू. म्हणून कागदाचा अर्थ दुसऱ्यास विचारावा लागे. आज शाळेंत मराठी आहे, २०२४ सालीं तिला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तरीही अर्थ दुसऱ्यासच विचारावयाचा, तर आपण मिळविलें तें काय?

कोणी म्हणतील, परीक्षेंत सुधारणा झाली आहे. खरें आहे. प्रश्नपत्रिकेच्या जागीं कृतिपत्रिका आली व तींत 'स्वमत' मागूं लागले. पण तें स्वमतही बाजारांत छापील मिळतें! जें दुसऱ्यानें लिहिलें व मुलानें पाठ केलें, त्यास स्वमत म्हणणें ही भाषेची थट्टा आहे.

उपाय खर्चाचा नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील तेरच्या गोरोबाकाकांची कथा घ्या. थापटण्यानें संतांचीं डोकीं पारखतां नामदेवांचें मडकें कच्चें ठरलें, असें परंपरा सांगते. मुलांस विचारावें : येथें मडकें म्हणजे काय? पारख करावयास कुंभारच कां? थोर नामदेवच कच्चे कां ठरावे? एका मुलानें एक उत्तर दिलें, दुसऱ्यानें निराळें दिलें, तरी बिघडत नाहीं. मात्र प्रत्येकास शिक्षकांनीं पुसावें, 'हें कथेंतील कोणत्या शब्दावरून काढलेंस?' पुरावा दाखवून मत मांडणें, हेंच साहित्याचें परीक्षण आणि हीच नागरिकत्वाची तालीम.

पालकांसही हात झटकतां येणार नाहींत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. वाशीकरांनीं त्या बैठकींत इमारतीच्या रंगाबरोबर एवढेंही मागावें : आठवड्यास एक तास न वाचलेल्या उताऱ्याचा असावा, आणि त्या तासास गाइड वर्गाबाहेर राहावें. मडकें कच्चें आहे कीं पक्कें, हें भट्टींतून काढतांना पाहावयाचें असतें. बाजारांत फुटल्यावर नव्हे.