यादी केली, पण 'थांबा' कोण म्हणणार?

गेल्या महिन्यात घर बदललं. पुस्तकांची खोकी भरताना मोजलं, तर 'स्वतःला सुधारा' ह्या जातीची एकोणतीस पुस्तकं निघाली! कोव्हीच्या सात सवयींपासून जेम्स क्लिअरच्या 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स'पर्यंत. काही अप्पा बळवंत चौकातून आणलेली, काही ऑनलाइन सेलमध्ये उगाच घेतलेली. बायको म्हणाली, "एवढी वाचलीस, मग सुधारलास कुठे?" आता ह्याला काय उत्तर देणार!

पण त्यातलं एक पुस्तक मी खोक्यात न टाकता बाजूला ठेवलं. अतुल गवांदे ह्यांचं 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो'. हे गृहस्थ बोस्टनचे सर्जन. जन्म अमेरिकेतला, पण वडील मूळचे आपल्या महाराष्ट्रातल्या उटी गावचे. २००९ सालचं हे पुस्तक. मी ते दोनदा वाचलंय, आणि पहिल्यांदा साफ चुकीचं वाचलं होतं. आजचं लिखाण त्या चुकीबद्दल आहे.

पुस्तकाचा मुद्दा साधा आहे. काम इतकं गुंतागुंतीचं झालंय की हुशार आणि अनुभवी माणूससुद्धा सोपी पायरी विसरतो. त्याला शहाणपण शिकवू नका, हातात छोटी यादी द्या. १९३५ साली बोइंगचं एक नवंकोरं बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणातच कोसळलं. चालवणारा वैमानिक निष्णात होता. जमिनीवर असताना शेपटीकडचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं, एवढंच. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणाआधी वाचायच्या याद्या केल्या, आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने उडालं.

हे वाचून मी काय केलं असेल? अर्थातच एक्सेल उघडलं! आमच्या रिलीजसाठी बेचाळीस ओळींची यादी केली. प्रत्येक ओळीपुढे 'यस / नो'. मॅनेजर खूश, क्लायंट खूश, मी तर काय, हवेतच.

तर झालं असं की, एका शुक्रवारी संध्याकाळी रिलीज होता. क्लायंटच्या डेटाबेसमध्ये बदल करायचे होते. आमच्याकडे टेस्टिंगला एक मुलगी नुकतीच आली होती, पहिलीच नोकरी. कंपनीत सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत आहे, पण ती मला 'सर'च म्हणायची. ती हळूच म्हणाली, "सर, बॅकअप एकदा रिस्टोअर करून बघायचा का?" मी स्क्रीनवरून नजरही न काढता म्हटलं, "अगं, यादीत 'यस' आहे बघ." ती गप्प बसली.

'यस' होतं खरं. पण ते मागच्या रिलीजच्या फाईलमधून कॉपी झालेलं होतं, आणि कॉपी मीच केली होती.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. आमची स्क्रिप्ट मध्येच फसली. म्हटलं, हरकत नाही, बॅकअप आहे. बॅकअपची फाईल होती, पण अर्धवट. डिस्क भरल्यामुळे मध्येच तुटलेली. त्या दिवसाचे व्यवहार लॉगमधून एकेक शोधून भरण्यात आमचा पूर्ण शनिवार-रविवार गेला.

ते एक वेळ ठीक आहे, असे वीकेंड सगळ्यांचेच जातात. खरी गोष्ट सोमवारी घडली. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "टेस्टिंगच्या कसं लक्षात आलं नाही?" ती मुलगी समोरच बसली होती. तिने खाली बघितलं. मला माहीत होतं की तिच्या लक्षात आलं होतं. मला तेव्हाच्या तेव्हा बोलता आलं असतं. मी बोललो नाही. चर्चा पुढे सरकली.

दोन दिवसांनी मी मॅनेजरला खरं काय ते सांगितलं, आणि मग चहाच्या टपरीवर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या सर, तुम्ही घाईत होतात." तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात पुस्तक पुन्हा काढलं, आणि पहिल्या वाचनात जे सरळ ओलांडून गेलो होतो ते आता दिसलं.

जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये २००१ साली पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरांनी, मोठ्या शिरेत नळी घालताना होणारा संसर्ग टाळण्यासाठी पाच पायऱ्यांची यादी केली. साबणाने हात धुवा, मास्क-गाऊन-हातमोजे घाला, असल्या प्राथमिक गोष्टी. आधी महिनाभर नर्सनी नुसतं निरीक्षण केलं, तर एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर निदान एक पायरी तरी गाळत होते. मग प्रोनोव्होस्टनी व्यवस्थापनाकडून एक गोष्ट मंजूर करून घेतली: डॉक्टरने पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचं. वर्षभरात तिथल्या ह्या संसर्गाचं प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आलं.

हात धुवायचे असतात हे डॉक्टरांना यादीशिवायही ठाऊक होतं हो! नवीन होता तो नर्सचा अधिकार.

गवांदे ज्या कामात प्रमुख होते ती जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची यादी बघा. एकोणीस मुद्दे. त्यातला एक असा की, चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. पहिल्यांदा वाचताना मला तो शाळेतल्या हजेरीसारखा वाटला होता. पण ज्याने एकदा स्वतःचं नाव सांगितलंय, त्याला पुढे 'थांबा' म्हणणं सोपं जातं. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून बघितली, त्यात आपली दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हे २००९ साली छापून आलं.

आणि आता पुस्तकात नसलेला, नंतरचा भाग. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ही यादी सरकारी फतव्याने सगळीकडे लागू झाली. २०१४ साली १०१ रुग्णालयांचे आकडे आले, तर मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही! उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांवर बाळंतपणासाठी अशाच यादीचा मोठा प्रयोग झाला. गवांदे स्वतः त्यात होते. २०१७ साली निकाल आला: कर्मचाऱ्यांची कामाची पद्धत सुधारली, पण आई आणि बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. गवांदेंच्या चमूने हे न लपवता छापलं, ह्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. सेल्फ-हेल्पच्या बाजारात स्वतःच्या कल्पनेला लागलेली ठेच अशी जाहीर करणारे फार थोडे.

मला ह्यातून दिसतं ते असं. यादी फक्त आठवण करून देते. नसलेलं औषध किंवा नसलेलं कौशल्य ती कुठून आणणार? आणि जिथे वरच्याला खालच्याने टोकायचंच नसतं, तिथे 'यस' कॉपी होतात. ओंटारिओत नक्की काय बिनसलं ह्यावर तज्ज्ञ भांडोत, आमच्या ऑफिसात काय झालं ते मला चांगलंच माहीत आहे.

आपण ही पुस्तकं वाचतो ती एकट्याने, आणि एकट्याच्या प्रगतीसाठी. माझ्या सवयी, माझा फोकस, माझी सकाळ पाच वाजता. पण ऑफिसातल्या बऱ्याचशा चुका एकट्याच्या नसतातच. कुणाला तरी ते दिसलेलं असतं आणि तो बोललेला नसतो, किंवा बोललेला असतो आणि माझ्यासारख्याने ऐकलेलं नसतं. आपल्याकडे तर घरापासूनच सवय, 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये'. मग तीच मुलं मोठी होऊन लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये गप्प बसतात, आणि आपण म्हणतो, फ्रेशर्समध्ये इनिशिएटिव्ह नाही!

आम्ही काय बदललं ते सांगतो. बेचाळीस ओळींच्या सात केल्या. प्रत्येक रिलीजला यादी कोऱ्या फाईलमधून सुरू होते. जो काम करतो तो त्यापुढे खूण करत नाही, दुसरा करतो. यादी मोठ्याने वाचतो तो टीममध्ये सगळ्यात नवीन असलेला माणूस. आणि त्याने 'थांबा' म्हटलं की दहा मिनिटं सगळं थांबतं, कारण पटो न पटो. एकदा ह्यापायी उगाचच थांबलो, रिलीजला उशीर झाला, क्लायंटची बोलणी खाल्ली. थांबवणारा मुलगा रडकुंडीला आला होता. त्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं, पुढच्या वेळीही थांबव. हे सांगणं सोपं नव्हतं, मनात चरफडत होतो. पण सोमवारी जे बोललो नव्हतो, त्याची ही थोडीशी परतफेड.

ती मुलगी आता दुसऱ्या कंपनीत आहे. जाताना मात्र मला नावाने हाक मारून गेली.

असो. खोकी अजून उघडायची आहेत. तोवर तुम्ही एक करून बघा: तुमच्या टीममधल्या सगळ्यात नवीन माणसाने तुम्हाला शेवटचं कधी थांबवलं होतं, ते आठवा. आठवत नसेल, तर तुमच्या चुका होत नाहीत असा त्याचा अर्थ काढू नका.