पहाटे तळ्यावर एक चक्कर



भाद्रपदात चार-चार दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. पाऊसही धड पडत नाही, वारा पडलेला असतो आणि अंगाला चिकचिक सुटते. अशा कोंदट हवेत आपल्याला डाळिंबावरच्या तेल्याचा घोर लागतो, भाजीवरच्या बुरशीचा लागतो. ज्यांनी शेततळ्यात मासे सोडले आहेत, त्यांनी मात्र याच दिवसांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवायला हवे. ती मला कशी कळली ते आधी सांगतो. त्यात चूक माझीच होती.

2017 सालच्या भाद्रपदात मी सांगोल्याकडच्या एका वस्तीवर गेलो होतो. डाळिंबाची बाग आणि बागेसाठी तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद असे प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे. घरच्या सुनेने आदल्या वर्षी त्यात हौसेने रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली सोडली होती. मासे अर्ध्या-पाऊण किलोचे झाले होते. सकाळचे सात वाजले असतील. आभाळ भरलेले होते. ती मला तळ्यावर घेऊन गेली आणि म्हणाली, "साहेब, दोन दिवस झालं, मासं सकाळी वर येऊन तोंड वासत्यात. दिवस वर आला की मग खाली जात्यात."

मी पाहिले. शेकडो तोंडे पाण्याच्या वर, उघडझाप चाललेली. मी शेतकीचा पदवीधर. माती शिकलो, पीक शिकलो, खतांचे हिशेब तोंडपाठ. पाण्यातल्या पिकाची ओळख मात्र वरवरची होती. मी बेधडक सांगून टाकले, "भुकेले आहेत. कोंडा-पेंड वाढवा."

तिने साहेबांचे ऐकले. त्या संध्याकाळी दुप्पट पेंड पडली, दुसऱ्या संध्याकाळीही पडली. तिसऱ्या दिवशी पहाटे मला फोन आला. जाऊन पाहतो तो सगळ्या तळ्यावर पांढरी पोटे तरंगत होती. मोठे मासे आधी गेले होते, धाकटे काही अजून काठाशी धापा टाकत होते. घरातल्या कोणी मला बोल लावला नाही. सून एवढेच म्हणाली, "दिवाळीत इकून पोराच्या फीचं बघणार हुतो."

तो पोरगा, असेल दहा वर्षांचा, तिथेच उभा होता. बापाकडे भीत भीत बघत मला म्हणाला, "सर, मी गळ टाकत हुतो. चार दिवस झालं, एक पण मासा लागला न्हाई." बापाने डोळे वटारले, कारण तळ्यात गळ टाकायला त्याला बंदी होती. मी मात्र खाली बसलो. भुकेला मासा कणकेची गोळी सोडील काय? मासे भुकेले नव्हतेच. त्यांचा जीव गुदमरत होता. पोराच्या गळाने चार दिवस आधी जे सांगितले होते, ते विचारायचे मला सुचले नव्हते.

आता हे असे का होते ते पाहू.

माशालाही आपल्यासारखाच प्राणवायू लागतो. तो कल्ल्यांच्या वाटे पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. पण पाण्याची झोळी फार लहान असते. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात, पाणी 20 अंशांवर असताना, जेमतेम 9 मिलिग्रॅम मावतो. पाणी 30 अंशांवर गेले की साडेसातच. म्हणजे पाणी जेवढे तापेल तेवढा प्राणवायू कमी, आणि त्याच वेळी माशाची गरज मात्र जास्त. रोहू-कटल्याला 5 मिलिग्रॅमच्या वर बरे वाटते. 3 च्या खाली तो कासावीस होतो आणि 1 च्या आसपास आला की मरणाच्या दारात.

तळ्यात हा प्राणवायू मुख्यतः तयार करते ते पाण्यातले बारीक हिरवे शेवाळ. पिकाच्या पानासारखेच त्याचे काम दिवसा उन्हावर चालते. पण रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजका गाळ असे सगळे मिळून प्राणवायू खातात. म्हणून दुपारी तीन-चारला पाण्यात प्राणवायू भरपूर असतो आणि पहाटे, सूर्य उगवण्याआधी, सर्वांत कमी. ही रोजची देवघेव आहे. ऊन चांगले पडले तर दिवसाची कमाई रात्रीच्या खर्चाला पुरते. तीन-चार दिवस आभाळ राहिले की कमाई थांबते, खर्च मात्र चालूच. वारा असता तर लाटांबरोबर थोडा प्राणवायू हवेतून मिसळला असता, पण तोही पडलेला. अशा वेळी मासा पृष्ठभागावर येतो, कारण अगदी वरच्या पातळ थरात काय तो थोडा प्राणवायू उरलेला असतो.

खाल्लेले अन्न पचवायलाही प्राणवायू लागतो. म्हणून गुदमरलेला मासा खात नाही आणि गळाकडे ढुंकूनही पाहत नाही. टाकलेली पेंड तळाशी जाऊन कुजते आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. माझ्या सल्ल्याने त्या तळ्यात हेच घडले.

मासा धरणाऱ्या माणसाला हे शास्त्राच्या भाषेत ठाऊक नसले तरी अनुभवाने पक्के ठाऊक असते. वैशाखात, पारा चाळिशीच्या पुढे गेला की, भर दुपारी कोणी गळ टाकत बसत नाही. वरचे पाणी तापते आणि मासा खोल किंवा सावलीला जातो. तेव्हा गळाची वेळ सकाळची, नाहीतर दिवस मावळतानाची. पौषातल्या थंडीत उलटे. पाणी 20 अंशांच्या खाली उतरले की रोहू-कटला सुस्तावतो आणि खाणे कमी करतो, म्हणून उन्हाने पाणी जरा कोमट झाले की दुपारी गळ टाकावा. पेंड घालणाऱ्यानेही हेच वेळापत्रक धरावे. थंडीत सकाळी लवकर घातलेली पेंड बरीचशी वाया जाते.

आपल्या उजनीचे पाहा. भीमेवरचे हे धरण 1980 साली पुरे झाले. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणून 2024 च्या उन्हाळ्यासारखी धरण 'उणे' गेल्याची बातमी येते, तेव्हाही आत पाणी असते आणि मासाही असतो. फक्त तो थोड्या पाण्यात दाटीने राहतो. आणि उजनी भरते ती काही सोलापूरच्या पावसावर नाही, तर पुणे जिल्ह्यातल्या डोंगरात पडणाऱ्या पावसावर. आपल्या शिवारात आषाढ कोरडा जात असतानाही भीमेला गढूळ लोंढा येतो. पाणी काठाच्या गवतावर, पडीक रानावर चढते. त्यातले किडे, गांडुळे, कुजलेला पाला खायला मासा काठाला येतो. पाणी चढते तेव्हा मासा काठाला, पाणी उतरते तेव्हा डोहाला, हे भीमाकाठचा कोणीही जाळेवाला सांगेल.

मात्र हेच चढते पाणी माशाच्या विणीचे असते. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या तळ्यात आपोआप अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातले वाहते नवे पाणी हवे असते. पूर्वी यांचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून हौदातल्या माशाकडून अंडी घालवून घेतली, तेव्हा कुठे आपल्याला शेततळ्यासाठी बोटुकली मिळू लागली. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. तरीही नदीतला मासा टिकायचा तर अंड्यावर आलेला चढणीचा मासा धरू नये. एका मादीच्या पोटात लाखाच्या हिशेबात अंडी असतात.

सगळेच मासे सारखे गुदमरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. मरळ आणि मागूर अधूनमधून वर येऊन थेट हवा घेतात, म्हणून ते गढूळ डबक्यातही तग धरतात. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा 1952 साली भारतात आला. तोही वाईट पाणी बराच सोसतो. उजनीत चिलापी माजली आहे त्याला जी कारणे आहेत, त्यांत हे एक. तेव्हा चिलापी जिवंत दिसते म्हणून पाणी चांगले आहे असे समजू नका. पाण्याची खरी परीक्षा कटल्यावर होते.

आणखी एक धोका वळवाचा. उन्हाळाभर तळ्यात वरचे पाणी गरम आणि हलके, खालचे गार आणि जड राहते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी गाळ कुजून तिथला प्राणवायू संपलेला असतो. मग रोहिणीच्या सुमाराला एखाद्या संध्याकाळी वादळी पाऊस येतो, गार पाणी पडते, वारा पाणी घुसळतो आणि तळाचे नासके पाणी वर येते. सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजा की पाणी पलटले. बाग पावसाने सुखावलेली असते आणि तळ्यातले मासे त्याच रात्री धोक्यात असतात.

आता उपाय. यातले बहुतेक बिनखर्चाचे आहेत.

पहिली गोष्ट, गर्दी करू नका. हेक्टरी 5 ते 10 हजार बोटुकली हा हिशेब आहे. तीस बाय तीसचे तळे म्हणजे जवळजवळ 9 गुंठे, त्यात साडेचारशे ते नऊशे पुरेत. बागेला पाणी उपसून तळे निम्म्यावर आले, तर माशांची दाटी दुप्पट झाली असे समजा आणि मोठे मासे आधीच काढून विका.

दुसरी, हाताची परीक्षा. सकाळी दहा-अकराला, उन्हात, काठावर नीट बसून हात सरळ पाण्यात घाला. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसेनासा झाला तर पाणी ठीक. मनगट थोडे बुडताच तळवा दिसेनासा झाला आणि पाणी गर्द हिरवे असेल, तर शेवाळ फार झाले आहे. तेव्हा शेणखत आणि पेंड दोन्ही थांबवा. अस्तर निसरडे असते, म्हणून काठाला दोर बांधलेला असू द्या आणि लेकरांना एकटे पाठवू नका.

तिसरी, आभाळ भरले की पेंड निम्मी. मासे तोंड वासताना दिसले की पेंड पूर्ण बंद. दोन-चार दिवसांच्या उपासाने मासा मरत नाही.

चौथी, मोटार. तळ्यातलेच पाणी उचलून उंचावरून तळ्यातच पाडा. पाइपाचे तोंड घडवंचीवर बांधून धार पत्र्यावर आदळू द्या, पाणी जेवढे फुटेल तेवढे बरे. हे मध्यरात्रीनंतर सुरू करून दिवस चांगला वर येईपर्यंत चालवा. शेतीची वीज कोणत्या आठवड्यात रात्रीची आणि कोणत्या आठवड्यात दिवसाची, ते आधीच पाहून ठेवा. नसेल त्या वेळेसाठी इंजिनाची सोय करा. बोअरचे पाणी सोडायचे असेल तर तेही उंचावरूनच सोडा, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू फारसा नसतो. काहीच जवळ नसेल तर काठावरून बांबूने पाणी झोडपा, घागरीने उंचावरून ओता. तेवढ्याने तासभर तरी निभावते. मासे गुदमरलेले असताना जाळे मात्र ओढू नका, धडपडीत ते जास्त मरतात.

पाचवी गोष्ट घरातल्या बायाबापड्यांसाठी. मरून तरंगणारा मासा शिजवू नका आणि शेजारी वाटूही नका. तो कधी मेला याचा नेम नसतो. तो पाण्यात कुजण्याआधी काढून खड्ड्यात पुरून टाका.

त्या वस्तीवर मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. खरे सांगायचे तर पाय जड झाले होते. सुनेने पुन्हा बोटुकली सोडली होती, या वेळी निम्मीच. मला म्हणाली, "आता पहाटं धार काढायला उठलं की आधी बॅटरी घिऊन तळ्यावर जाती. मासं वर नसलं तरच म्हशीकडं." पोराला आता गळ टाकायला परवानगी होती. रोज संध्याकाळी एकच गोळी लावायची आणि मासा ओढला की नाही ते आईला सांगायचे. सलग दोन दिवस ओढ नाही मिळाली, तर पेंडीची पाटी त्या घरात उचलत नाहीत.

आणि मी आता कोणाच्या तळ्यावर गेलो की काही सांगण्याआधी विचारतो, पहाटे पाणी कोणी पाहिले?

पुढल्या आठवड्यात शेततळ्याच्या अस्तराला उंदीर आणि खेकडे भोके पाडतात, त्याबद्दल बोलू.