टीम हरते, तेव्हा चाहते काय करतात?

घरात वीस ते पस्तीस वयाचं कुणी फुटबॉलवेडं असेल, तर कपाट उघडून बघा. एखादी जुनी, रंग विटलेली लाल जर्सी सापडण्याची बरीच शक्यता आहे. मँचेस्टर युनायटेडची. आपल्याकडे टीव्हीवर इंग्लिश फुटबॉल नियमित दिसायला लागलं, त्या काळात ही टीम जवळपास सगळं जिंकत होती. शाळकरी पोरांनी जिंकणारी टीम निवडली. त्यात नवल ते काय?

आता तोच मुलगा रविवारी रात्री मॅच संपल्यावर काही न बोलता मोबाइल उलटा ठेवतो आणि झोपायला जातो. घरातल्यांना कळत नाही, काय झालं. आज त्याच्याबद्दल बोलू.

आधी थोडे आकडे, म्हणजे दुखणं किती खोल आहे ते कळेल. प्रीमियर लीग १९९२-९३ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०१२-१३ पर्यंतच्या २१ सीझनमध्ये युनायटेडनं १३ वेळा लीग जिंकली. १९९९ मध्ये तर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही ट्रॉफी एकाच सीझनमध्ये. या सगळ्या काळात मॅनेजर एकच, सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. मे २०१३ मध्ये ते निवृत्त झाले आणि घराचे वासे फिरले.

पुढच्या १२ वर्षांत कायमस्वरूपी म्हणून नेमलेले सहा मॅनेजर झाले. अधूनमधून कप मिळाले, पण लीग एकदाही नाही. २०२४-२५ च्या सीझनमध्ये ३८ पैकी १८ मॅच हरून, ४२ गुणांसह ही टीम २० टीमच्या यादीत पंधरावी आली. शेवटच्या तीन टीम खालच्या डिव्हिजनमध्ये जातात, हे लक्षात घेतलं तर पंधरावा नंबर म्हणजे काय ते समजेल. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये लीग कपमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाऊननं त्यांना पेनल्टी शूटआउटमध्ये १२-११ असं हरवून बाहेर काढलं.

म्हणजे आज जो मुलगा दहावीत आहे, त्यानं युनायटेडला लीग जिंकताना समजत्या वयात पाहिलेलंच नाही. त्याला हे प्रेम मोठ्या भावाकडून, मामाकडून वारशात मिळालंय. वारशात जमीन मिळाली तर तिच्यावरचं कर्जही येतं, तसंच हे.

आधी थट्टा

पडत्या काळात चाहता पहिला आधार घेतो तो विनोदाचा. दुसऱ्यांनी हसण्याआधी आपणच हसून घ्यायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका चाहत्यानं जाहीर केलं, युनायटेड सलग पाच मॅच जिंकेपर्यंत मी केस कापणार नाही. आपल्याकडे याला नवस म्हणतात. २०२५ संपलं तरी त्याचे केस वाढतच होते, आणि जगभरातले लोक ते वाढताना बघत होते.

गंमत अशी की, हा विनोद पूर्वी उलट्या दिशेनं चालायचा. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात स्ट्रेटफर्ड एंड नावाचा स्टँड आहे. तिथे चाहत्यांनी एक बॅनर लावलं होतं. शेजारच्या मँचेस्टर सिटीनं शेवटची मोठी ट्रॉफी जिंकून किती वर्षं झाली, तो आकडा त्यावर असायचा आणि दर वर्षी एकनं वाढायचा. सिटीची ती ट्रॉफी १९७६ मधली. मग २०११ मध्ये सिटीनं एफए कप जिंकला, तोही सेमीफायनलमध्ये युनायटेडलाच हरवून. बॅनर उतरलं. पुढे २०२३ मध्ये सिटीनंही एकाच सीझनमध्ये त्या तिन्ही ट्रॉफी जिंकल्या. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे!

पण सिटीच्या जुन्या चाहत्यांचीही आठवण ठेवायला हवी. मे १९९९ मध्ये युनायटेडनं बार्सिलोनात चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि त्यानंतर चारच दिवसांनी सिटी वेम्बलीवर जिलिंगहॅमशी खेळत होती. कशासाठी? तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत जाण्यासाठी. आज ट्रॉफ्या मोजणाऱ्या सिटीच्या चाहत्यांमध्ये ती मॅच बघायला गेलेली माणसंही आहेत. जुन्या चाहत्यांना त्या मॅचबद्दल विचारलं, तर ते आजही भरभरून बोलतात. हा मुद्दा पुढे परत येईल.

मग राग

विनोद फार दिवस पुरत नाही. मग राग येतो. युनायटेडच्या चाहत्यांच्या रागाला ठोस कारण आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं क्लब विकत घेतला, तो मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच माथी मारलं. म्हणजे आपलं घर कुणी विकत घ्यावं आणि हप्ते मात्र आपल्याच पगारातून जावेत, तसा प्रकार.

तेव्हा काही चाहत्यांनी वेगळीच वाट धरली. त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. मालक सभासदच, प्रत्येकाला एक मत. हा छोटा क्लब खालच्या श्रेणींत खेळतो, आणि २०१५ मध्ये त्यानं स्वतःचं मैदानही उभारलं. बाकीचे मागे राहिले आणि आत राहून भांडले. २०१० मध्ये ते लाल सोडून हिरवे-सोनेरी स्कार्फ घालून येऊ लागले. १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी न्यूटन हीथ या नावानं क्लब सुरू केला, तेव्हाचे ते रंग. त्याच वर्षी मार्चमध्ये मिलान टीमकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहॅमनंही मैदानातून जाताना तो स्कार्फ गळ्यात घातला. मे २०२१ मध्ये तर आंदोलक थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली.

आपण भारतातले चाहते यात कुठे बसतो? आपल्याकडे सीझन तिकीट नाही, त्यामुळे ते परत करण्याची धमकीही देता येत नाही. मैदानाबाहेर घोषणा देता येत नाहीत. आपला राग जातो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कमेंटमध्ये, आणि कधीकधी जेवणाच्या ताटावर.

राग घसरतो तेव्हा

इथेच जरा थांबायला हवं. मालकांवरचा राग मालकांपर्यंत पोचत नाही, तेव्हा तो जवळच्या माणसावर निघतो. युनायटेडच्या बाबतीत तो बऱ्याच वेळा खेळाडूंवर निघाला. तेव्हाचा कॅप्टन हॅरी मॅग्वायर काही वर्षं अख्ख्या इंटरनेटच्या चेष्टेचा विषय होता. एप्रिल २०२२ मध्ये टीम लिव्हरपूलकडून ४-० अशी हरली, आणि त्यानंतर त्याच्या घरावर बॉम्बची धमकी आली. पोलिसांना घर तपासावं लागलं.

मीम फॉरवर्ड करणारा आणि धमकी देणारा एकच नसतो, हे खरं. पण खेळाडूलाही घर असतं, मुलं असतात, हे विसरायला मीमच शिकवतं. घरातला पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर एखाद्या खेळाडूला शिव्या टाइप करत असेल, तर त्याला एकदा तरी विचारायला हवं, तो समोर असता तर हे बोलला असतास का?

१९७४ ची गर्दी

मग टिकतं कोण, आणि कशाच्या जोरावर? याचं उत्तर युनायटेडच्याच जुन्या इतिहासात आहे.

१९६८ मध्ये युनायटेड युरोपचा चॅम्पियन होता. सहाच वर्षांनी, १९७४ मध्ये, ही टीम दुसऱ्या श्रेणीत घसरली. त्या सीझनमधली घरच्या मैदानावरची शेवटची मॅच सिटीविरुद्ध होती, आणि सिटीचा गोल टाचेनं मारला तो डेनिस लॉनं. हा एके काळचा युनायटेडचा लाडका हीरो. गोल करून तो आनंदानं उडी मारू शकला नाही. बाकीच्या मॅचचे निकाल बघता युनायटेड तसंही घसरणारच होतं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो लॉचा उतरलेला चेहरा.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या श्रेणीत खेळलेल्या १९७४-७५ च्या त्या सीझनमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर जमणारी सरासरी गर्दी संपूर्ण इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त होती. पहिल्या श्रेणीतल्या सगळ्या टीमपेक्षा जास्त! त्या गर्दीत दंगेखोरही होते, हे लपवायचं कारण नाही. पण हजारो साधी माणसंही होती. ती जिंकणं बघायला येत नव्हती. शनिवारी दुपारी इथे यायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. एका वर्षात टीम वर आली. लीग जिंकायला मात्र १९९३ उजाडलं. आधीची लीग १९६७ मधली, म्हणजे २६ वर्षांची वाट. १९६७ मध्ये जो दहा वर्षांचा होता, तो पुढचं विजेतेपद बघेपर्यंत छत्तीस वर्षांचा बाप्या झाला होता.

कुणी म्हणेल, म्हणजे धीर धरला की सगळं परत मिळतं. तसा काही नियम नाही. फर्ग्युसनना पहिली लीग जिंकायला साडेसहा वर्षं लागली आणि मधल्या काळात त्यांनी जावं असं बॅनरही एका चाहत्यानं झळकवलं, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण त्यांच्यानंतर आलेल्या डेव्हिड मॉइसना सहा वर्षांचा करार मिळाला होता, ते दहा महिन्यांत गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं १९७९ आणि १९८० मध्ये लागोपाठ युरोप जिंकलं, पण इंग्लंडची लीग १९७८ नंतर त्यांना पुन्हा मिळालेली नाही. काही वैभव परत येतं, काही येत नाही. परत येईल या एकाच आशेवर जो मॅच बघतो, त्याच्यासाठी प्रत्येक शनिवार म्हणजे पुढे ढकललेला निकाल असतो.

पहाटे तीनची मॅच

म्हणून मला १८ एप्रिल २०२५ ची पहाट महत्त्वाची वाटते. गुड फ्रायडेची सुट्टी होती. युरोपा लीगची क्वार्टर फायनल, ओल्ड ट्रॅफर्डवर फ्रान्सच्या ल्योंविरुद्ध, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेली. युनायटेड २-० पुढे होतं, मग २-२. एक्स्ट्रा टाइममध्ये ल्योंनं दहाच खेळाडू उरलेले असताना आणखी दोन गोल केले. ४-२. भारतातल्या कित्येकांनी तेव्हा मोबाइल बंद केला असणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

जे जागे राहिले, त्यांनी पुढे काय पाहिलं? ११४ व्या मिनिटाला ब्रूनो फर्नांडिसची पेनल्टी. १२० व्या मिनिटाला क्लबच्याच अकादमीत वाढलेल्या कॉबी मेनूचा गोल. आणि लगेच पुढच्या मिनिटाला हेडर. ५-४. गोल कुणाचा? हॅरी मॅग्वायरचा. ज्याच्यावर जग हसत होतं, त्याच्याच.

ही मॅच कोणत्या सीझनमधली? तोच, पंधराव्या नंबरचा. आणि पुढे महिन्याभरानं बिल्बाओमधल्या फायनलमध्ये युनायटेड टॉटनहॅमकडून १-० हरलं. टॉटनहॅम लीगमध्ये सतरावं आलं होतं! म्हणजे ट्रॉफी नाहीच. रेकॉर्डच्या यादीत त्या पहाटेला फारशी जागा मिळणार नाही. पण पहाटे तीन वाजता शेजारी जागे होऊ नयेत म्हणून तोंडावर उशी दाबून जो ओरडला, त्याला ती मॅच कोण विसरायला लावणार? सिटीच्या जुन्या चाहत्यांना जिलिंगहॅमची मॅच आठवते, ती अशीच.

भारतातल्या युनायटेडवाल्यांना एक टोमणा कायम ऐकावा लागला. तुम्ही काय, ते जिंकतात म्हणून त्यांच्या मागे. सुरुवातीला ते खरंही होतं. पण २०१३ नंतर ज्यांनी जर्सी टाकली नाही, त्यांच्याबद्दल आता असं बोलता येत नाही. ही पडती वर्षं नसती, तर आपण जिंकण्याचे चाहते होतो की टीमचे, हे आपल्यालाही कधी कळलं नसतं.

टिकलेले लोक काय करतात, ते बघण्यासारखं आहे. ते १९९९ ची आजच्या टीमशी रोज तुलना करत नाहीत. ते छोट्या गोष्टी मोजतात. ऑक्टोबर १९३७ पासून प्रत्येक मॅचच्या युनायटेड संघात अकादमीतून आलेला किमान एक खेळाडू असतोच, ही साखळी आजही ते जपून मोजतात. मॅच एकट्यानं बघत नाहीत, कुणाला तरी सोबत घेतात. आणि एखाद्या शनिवारी मॅच सोडून बहिणीच्या मुलाला बागेत घेऊन जातात, त्यात बेइमानी मानत नाहीत.

घरातल्यांसाठी एवढंच सांगते. मॅच हरल्यावर त्याला ‘खेळच तर आहे, एवढं काय’ असं म्हणू नका. ते त्यालाही माहीत आहे. चहा ठेवा आणि विचारा, आज कोण बरं खेळलं? आधी मान हलवेल. मग एखादं नाव सांगेल, बहुतेक एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराचं. त्याला बोलू द्या. पुढची मॅच चार दिवसांवर असते, आणि तो ती बघणारच असतो.