दादीचा लोटा आणि मशिदीचा नळ

रमजानमध्ये मगरिबच्या अजानआधी कुठल्याही मशिदीच्या वजूखान्यात जरा थांबून बघा. वजू म्हणजे नमाजआधी हात, तोंड, पाय धुणे. सगळे नळ एकदम सुरू असतात. कुणी बाही दुमडतोय, कुणी मोबाईल खिशात ठेवतोय, नळ मात्र वाहतोच आहे. दिवसभर घोटभर पाण्यावाचून राहिलेल्या रोजेदारांच्या समोर!

जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी दादीची वजू एका लोट्यात व्हायची. तळाशी उरलेले पाणी मेहंदीच्या झाडाला. ती कधी शिकवायला बसली नाही. आम्ही पोरं दुसऱ्यांदा लोटा भरायला निघालो की नुसती बघायची. तेवढे पुरे व्हायचे, कारण रांजणातले पाणी कुणी डोक्यावरून आणले ते आम्हाला ठाऊक होते. शेजारच्या आजीही तांब्या विसळलेले पाणी तुळशीत ओतायच्या. दोघींना एकमेकींचे हे वागणे कधी नवे वाटले नाही.

दादीला अक्षरओळख नव्हती, पण तिचे माप पक्के होते. हजरत पैगंबर एक ‘मुद’ पाण्यात वजू करीत, अशी बुखारीच्या हदीससंग्रहात नोंद आहे. मुद म्हणजे जेमतेम लिटरभर पाणी. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वजूत पाणी उधळू नका, अशी ताकीद इब्ने माजाच्या संग्रहात आहे. आता घरी नळाखाली बादली ठेवून वजू करा आणि किती भरली ते बघा.

पाण्याची किंमत जालन्याला नव्याने सांगायला नको. जमशेदखानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी पाणी शहरातल्या हौदांत आणले. निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव झाला. २०१२-१३ च्या दुष्काळात तोही आटला, तेव्हा टँकरमागे धावताना कुणी कुणाची जात-धर्म विचारत नव्हते. नंतर जायकवाडीचे पाणी आले आणि घागरी माळ्यावर गेल्या. त्यांच्याबरोबर दादीचे बघणेही गेले, असे मला वाटते. पाणी लांबून वाहून आणणारे माणूस घरात नसले की पोराला जपून वापर म्हणणे म्हणजे नुसती कटकट ठरते.

म्हणून मशिदींच्या विश्वस्तांना सांगणे आहे. बारीक धारेच्या तोट्या बसवा, त्याला फार खर्च येत नाही. चार लोटे ठेवा. मोहल्ल्यातल्या ज्या बुजुर्गांना अजून लोट्यात वजू जमते, त्यांना एखाद्या जुम्याला पोरांसमोर बसवा. भाषण नको, नुसती वजू करू द्या. वजूच्या पाण्यात साबण नसतो. ते गटारीत सोडण्याऐवजी शोषखड्ड्याकडे वळवा, आणि आवारात कडुनिंब असेल तर त्याच्या आळ्यात.