चाकाची परिभाषा आणि सुताराची साक्ष

फिरणाऱ्या वस्तूचे वर्णन करू जाता भाषेची एक विलक्षण अडचण होते. स्थिर वस्तूला वर-खाली, डावे-उजवे अशी अंगे असतात आणि त्यांवरून तिच्या भागांचा निर्देश सहज करता येतो. परंतु जे चाक आत्ता माथ्यावर असलेला आपला अंश पुढच्याच क्षणी धुळीला टेकवते, त्याच्या अवयवांस अशी नावे देऊन भागत नाही. ती नावे मध्यापासूनच्या स्थानावरून आणि ज्याच्या त्याच्या कामावरूनच ठरवावी लागतात, हे मर्म आमच्या खेड्यांतील सुतार-लोहारांनी भूमितीचे पुस्तक न उघडता ओळखले होते, असे बैलगाडीच्या चाकाकडे पाहिले म्हणजे म्हणावेसे वाटते.

या चाकाच्या मध्यभागी असतो तो तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आणि चोहीकडे फाकलेले ते आरे, तुंबा ज्याच्यावर फिरतो तो आस, आणि परिघाच्या वाकड्या लाकडी तुकड्यांना बाहेरून आवळून धरणारे लोखंडी कडे ती धाव. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित कमी ठेवलेला असतो. जाळात लाल होईपर्यंत तापवली म्हणजे ती प्रसरण पावते, मग चिमट्यांनी उचलून ती चाकावर घालतात, घणाने ठोकून सारखी करतात, आणि लाकूड पेट घेऊ लागते न लागते तोच वरून पाणी ओततात. निवता निवता ती आकुंचन पावून सारे सांधे असे आवळते की चाक जणू एकसंध होते. पदार्थविज्ञानाचा एक अख्खा पाठ ज्या कृतीत सामावला आहे तिला कारागीर नुसते ‘धाव चढवणे’ म्हणतात. जात्याची तळी आणि खुंटा, भोवऱ्याची आर, हे शब्दही याच टाकसाळीतले.

असले शब्द शास्त्राच्या प्रौढीस शोभत नाहीत, अशी हरकत काही विद्वान घेतात. ती मला मान्य नाही. शाळेच्या भूगोलात पृथ्वी ज्या रेषेभोवती फिरते तिला ‘आस’ म्हणतात आणि तो साडेतेवीस अंशांनी कललेला आहे असे शिकवतात. गाडीचा शब्द काल्पनिक रेषेला लावल्याने खगोलाची अप्रतिष्ठा झाल्याचे ऐकिवात नाही. राष्ट्रध्वजावरील चक्राचे २४ आरेही सुताराच्याच शब्दाने मोजले जातात.

याचा अर्थ संस्कृत घडणीच्या शब्दांना मज्जाव करावा असा नव्हे. स्वतःभोवती फिरणे आणि दुसऱ्याभोवती फिरणे यांना व्यवहारात एकच ‘फिरणे’ पुरत असे. तेथे परिवलन आणि परिभ्रमण ही जोडी घडवणाऱ्यांनी मोठेच काम केले. पण यंत्राबरोबर जे शब्द आले त्यांच्याशी झुंजण्यात शक्ती खर्चू नये. मराठी विश्वकोशाने बेअरिंगला ‘धारवा’ म्हटले आहे, शब्द सुबकही आहे. परंतु गॅरेजात जाऊन कोणी धारवा मागेल तर त्याला रिकाम्या हातीच परतावे लागेल.

खरी निकड निराळी आहे. १८३१ साली मोल्सवर्थच्या कोशाने आणि १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने ग्रामीण कसबांचे पुष्कळ शब्द दस्तऐवजात आणले, आता रबरी टायरांच्या गाड्यांमुळे धाव चढवणारे हातच विरळ होत आहेत. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषेचे काम करीत आले आहे. त्याने यंत्र आणि शेतीच्या शब्दांसाठी समित्या नेमताना प्राध्यापकांच्या शेजारी एका सुताराला आणि एका लोहाराला सभासद म्हणून बसवावे, प्रवासखर्च व मानधन प्राध्यापकांइतकेच द्यावे, आणि नवा शब्द मंजूर करण्यापूर्वी जुना कोणता आहे हे त्यांस विचारावे.