सीएमएस निवडताना ‘मोखाडा’ शोधून बघा

"वर्डप्रेस, जुमला की ड्रुपल?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला. तिघंही आपल्यासारखेच आयटीवाले, वीकांताला कुठल्यातरी संस्थेचं संकेतस्थळ फुकटात करून देणारे. आणि तिघांनीही एक गोष्ट सांगितली नाही : ते संकेतस्थळ पुढच्या जूनमध्ये चालवणार कोण?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. सीएमएस निवडणं हा दोन आणे तांत्रिक आणि चौदा आणे माणसांचा प्रश्न आहे. आपण दोन आण्यांवरच रात्र रात्र वाद घालतो.

उदाहरण घेऊ. जव्हारजवळ वारली चित्रं काढणाऱ्या बायकांचा एक गट आहे (नाव मुद्दाम देत नाही). चित्रांचे फोटो, किंमत, कोणत्या पाड्यावरची चित्रकार, प्रदर्शन कधी, एवढंच त्यांना जालावर टाकायचंय. हे काम करणार गावातल्या एक शिक्षिका, त्याही मोबाईलवरून. रेंज आली तर आली, नाही तर टेकाडावर जायचं. मुंबईतला मधला माणूस चित्र किती पटीने विकतो हे त्या बायकांना पक्कं माहीत आहे, म्हणून हे संकेतस्थळ त्यांच्यासाठी हौसेचं नाही.

आता इथे आपण जातो. एकाला ड्रुपल हवं, कारण त्याची रचना ‘देखणी’ आहे. दुसरा म्हणतो मागे काहीही ठेवा, पुढचा भाग आपण रिअ‍ॅक्टमध्ये लिहू. बाईंना कोणी विचारतच नाही. त्या चहा सांगतात.

बरं, सीएमएस हवीच का, हाही प्रश्न असतो. पाच पानं असतील आणि वर्षभर काही बदलणार नसेल तर साधी एचटीएमएल पानं ठेवा, झोप चांगली लागते. पण १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तो दिवस आठवा. ज्यांच्या प्रत्येक पानाच्या तळाशी हाताने ‘जि. ठाणे’ लिहिलेलं होतं त्यांना प्रत्येक पान उघडणं आलं. ज्यांचा पत्ता एका जागी साठवलेला होता त्यांचं काम एका मिनिटात. सीएमएस म्हणजे काय हे मला विचाराल तर मी एवढंच सांगेन. बाकीच्या व्याख्या मुलाखतीसाठी.

पर्यायांविषयी. वर्डप्रेस २००३ मध्ये बी-टू नावाच्या एका बंद पडत चाललेल्या प्रणालीतून निघालं, आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांखाली तेच आहे. जुमला २००५ मध्ये माम्बोपासून फुटून निघालं. त्याचं नाव स्वाहिलीतून घेतलंय, पण मुळात शब्द अरबी, आणि आपल्या जुन्या हिशेबवह्यांत एकूण बेरजेला ‘जुमला’ म्हणत तो हाच. (नावात आपलेपणा असला तरी मी ते सुचवत नाही. वर्डप्रेसइतकं सोपं नाही आणि ड्रुपलइतकं ताकदवान नाही, अशी मधल्या मधे अडकलेली गोष्ट आहे ती. जुमलावाल्यांनी खुशाल रागवावं.)

ड्रुपलवर मात्र माझं प्रेम आहे, आणि मराठी माणसाचं असायलाच हवं. १९९६ पासूनची मायबोली, २००७ चं मिसळपाव, २०११ चं ऐसी अक्षरे या सगळ्यांच्या पत्त्यात तुम्ही ‘नोड’ हा शब्द पाहिला असेल. ती ड्रुपलची खूण. जालावरच्या मराठी गप्पांचा, पाककृतींचा आणि भांडणांचा केवढा तरी भाग या ‘नोडां’मध्ये साठलाय. शेकडो लोक लिहिणार, प्रत्येकाला वेगळे अधिकार, लेख वेगळा, पाककृती वेगळी, कविता वेगळी, अशा कामाला ड्रुपलसारखं दुसरं नाही. पण त्या संकेतस्थळांमागे वर्षानुवर्षं राबणारी तांत्रिक माणसं होती, हे विसरू नका. २०११ साली आलेल्या ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्याच्या पुढची, म्हणजे ८ वी आवृत्ती आतून इतकी बदललेली होती की जाणं म्हणजे घर रंगवणं नव्हे, नवीन बांधणं. जव्हारच्या बाईंना हे घर कोण बांधून देणार?

अजून एक आकडा : सात तास. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधलं एक मोठं भगदाड जाहीर झालं, आणि दोन आठवड्यांनी त्यांच्याच सुरक्षा गटाने सांगितलं की घोषणेनंतर सात तासांत ज्यांनी डागडुजी केली नाही त्यांनी आपल्या संकेतस्थळात कोणीतरी घुसलंय असंच समजावं. भर पावसात मोखाड्यात वीज जाऊन यायला कधीकधी सात तास कमी पडतात. वर्डप्रेसमध्ये २०१३ पासून छोटे सुरक्षा-बदल आपोआप बसतात. माझ्या लेखी हा एकच मुद्दा बाकीच्या वीस मुद्द्यांवर भारी आहे.

म्हणजे वर्डप्रेस निर्धोक आहे का? छे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांची जुंपली, आणि पुढच्याच महिन्यात त्या कंपनीचं लाखो संकेतस्थळांवर चालणारं एक प्लगिन वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात नाव बदलून ताब्यात घेतलं गेलं. कोड मुक्त असतो, भांडाराची किल्ली कोणाच्या तरी खिशात असते. म्हणून प्लगिन कमीत कमी घ्या. मी पाचाच्या वर गेलो की हात आखडतो.

आता शीर्षकातली परीक्षा. कुठल्याही सीएमएसवर जाहिरातीतली नमुना पानं बघू नका. स्वतःच्या लॅपटॉपवर ती बसवा आणि खऱ्याखुऱ्या मराठीत वीस नोंदी टाका. खोडाळ्याच्या, दाभोशाच्या, सूर्यमाळच्या. मग शोधा. वर्डप्रेसमध्ये ‘जव्हार’ शोधलंत तर ‘जव्हारला’, ‘जव्हारचा’ हेही सापडतं, कारण ते अक्षरांची मालिका जुळवतं. ड्रुपलचा सोबत येणारा शोध अख्खा शब्द बघतो, त्याला ‘जव्हारला’ हा वेगळाच शब्द वाटतो. इथवर वर्डप्रेस खूश. आता ‘मोखाडा’ शोधा. ‘मोखाड्यात’ दोघांनाही सापडत नाही! आपल्या सामान्यरूपाने दोघांचीही विकेट काढली :)

यावरचा उपाय म्हणजे गावाचं नाव मजकुरात सोडून न देता वर्गीकरणातली एक संज्ञा म्हणून वेगळं ठेवणं आणि पानावर गावांची यादी देणं. ‘मोखाडा’वर टिचकी मारली की तिथली सगळी चित्रं. टॅक्सॉनॉमी हा शब्द मी चार वर्षं इंजिनीअरिंग करून ऐकला नव्हता. या एका शोधाने तो डोक्यात पक्का बसतो. शिकणं असं व्हावं असं मला वाटतं; व्हिडिओ लावून दुप्पट वेगाने बघणं म्हणजे शिकणं नव्हे.

त्याच वीस नोंदींत आणखी दोन गोष्टी कळतील. वर्डप्रेस मराठी मथळ्यावरून पत्ता बनवतं तेव्हा एकेका अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, नऊ चिन्हं होतात आणि मर्यादा आहे दोनशेची. म्हणजे बाविसाव्या अक्षराला तुमचा मथळा कापला जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे जातं ते टक्क्यांच्या चिन्हांचं जंगल. पत्ता हाताने छोटा लिहायची सवय पहिल्या दिवशी लावा. दुसरी गोष्ट, शाळेच्या संगणकावरचा जुना मजकूर कृतिदेवसारख्या फॉन्टात असतो. तो चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, हे बाईंना वहीत लिहून द्या.

मग वर्डप्रेस घ्यायचं, हे मी त्या गटाला सांगितलं. सोबत येणारी साधी थीम, ओढून-सोडून पानं बनवणारे जड बिल्डर अजिबात नाहीत, कारण ती पानं टेकाडावरच्या रेंजमध्ये उघडत नाहीत. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये रेंज नसतानाही मसुदा लिहून ठेवता येतो, बाईंना सगळ्यात आवडलं ते हेच. उद्या कोणी दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक पाड्याची, शाळेची, विहिरीची नोंद ठेवायला निघालं, आणि त्यांच्याकडे पगारी माणूस असला, तर मी ड्रुपल म्हणेन.

डोमेन मात्र तुमच्या नावावर घेऊ नका. संस्थेच्या ईमेलवर, संस्थेच्या पैशाने घ्या. मुदत भरायला विसरलेल्या एका संस्थेच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात मी पाहिलीय; करून देणारा इंजिनीअर तोवर परदेशात गेला होता. आणि बॅकअप नुसता घेऊ नका, एकदा रिकाम्या जागी परत चढवून दाखवा, बाईंच्या हातून. आमचं ते अजून बाकी आहे. पुढच्या शनिवारी जव्हारला जायचंय, त्र्यंबकेश्वरवरून की विक्रमगडवरून ते पाऊस बघून ठरवू.